सव्विसाव्या वर्षी टोचलेलं नाक

सोनाराने तार अर्धी आत घातली आणि ती अडली. लहान मुलाचं नाक मऊ असतं, सहज टोचलं जातं. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा होता. माझ्या भावाने मागे उभं राहून त्याचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या पोटाशी दाबून धरलं होतं. सोनार म्हणाला, "आता हलू नका साहेब, मागे घेता येणार नाही," आणि त्याने अंगठ्याने जोर दिला. आतलं काहीतरी कचकन फाटल्याचा आवाज मला ऐकू आला. मुलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते रडणं नव्हतं. नाकात काही खुपसलं की कोणाच्याही डोळ्यांतून येतं, ते पाणी. तो माझ्याकडे बघत होता. मी टॉवेल घेऊन उभी होते. बनियनवर रक्त पडलं तेव्हा मी टॉवेल पुढे केला. मला करण्यासारखं तेवढंच होतं.

रविवारची दुपार होती. शांती नगरमधला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी कोणी दार लावत नसे, वाऱ्यासाठी उघडंच ठेवत. त्या दिवशी आम्ही लावलं, तर समोरची दोनदा बेल वाजवून विचारून गेली, "भाभी, सब ठीक है ना?" मी म्हटलं, "पूजा आहे."

हे सगळं कशासाठी, ते आता सांगते.

माझे पहिले दोन मुलगे गेले. एक तीन महिन्यांचा होऊन, एक पायावर उभा राहायला लागल्यावर. आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्या गावात अशा घरात तिसरा मुलगा झाला की त्याला मुलगी म्हणून वाढवत. नाक टोचून सोन्याची बारीक कडी घालायची, केस वाढवून वेणी घालायची, झगा घालायचा, हाक मारायची तीही 'बाय' म्हणून. मरणाला मुलगे हवे असतात, मुलगी बघून ते दारातून परत जातं, अशी समजूत. मी देवीला तसा नवस बोलले. पाच वर्षांचा होईपर्यंत मुलगी म्हणून ठेवीन, मग देवीपुढे त्याचा मामा कडी काढेल आणि वेणी कापेल.

मुलगा जगला. पण आम्ही तेव्हा मुंबईत चाळीत राहत होतो, आणि चाळीतल्या पोरांना देवीचं काय. एकदा एका पोराने कडी धरून ओढली आणि रक्त काढलं. मी त्याच दिवशी साबण लावून कडी काढली आणि न्हाव्याकडे नेऊन वेणी कापून आणली. पाच वर्षं पुरी व्हायची होती. गावी जायला ह्यांना रजा मिळत नव्हती. पुढे कधीतरी गेलो तेव्हा कडी देवीला वाहिली, ओटी भरली, नारळ दिला. माझ्या लेखी विषय संपला. मुलाच्या नाकाचं भोकसुद्धा बुजलं.

मीरा रोडला आलो तेव्हा मुलगा कामाला लागलेला होता. गोरेगावला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. चाळीतली खोली देऊन इथे दोन खोल्या आणि संडास आतमध्ये, म्हणून आम्ही खूश होतो. फक्त पाणी नव्हतं. टँकर आला की सगळी बिल्डिंग हंडे-बादल्या घेऊन खाली. त्या रांगेत मुलाची एकाशी ओळख झाली. समोरच्या बिल्डिंगमधला गुजराती मुलगा, बहिणीकडे राहायचा, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेब बघायचा. मला मासी म्हणायचा. आमचेही हंडे वर आणून द्यायचा. दोघं रात्री जेवून फेरी मारायला जायचे, रविवारी मिठागरांच्या बाजूला जायचे. आईला आधीच कळतं असं लोक म्हणतात. मला काही कळलं नव्हतं. मला वाटलं, बरा मित्र मिळाला.

मग चिपळूणकडचं एक स्थळ आलं. मुलगी चांगली होती, शिवणकाम यायचं. थोरले दीर आणि जाऊबाई बोरिवलीहून त्यासाठीच आले होते, माझा भाऊही आला होता. चहा झाला. मुलगी बघायला कधी जायचं, एवढंच ठरायचं होतं. मुलगा म्हणाला, "मी जाणार नाही. मला बायकांबद्दल तसं काही वाटत नाही. पुरुषांबद्दल वाटतं. लहानपणापासून."

हे त्याने भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगितलं. दीर म्हणाले, "तसं म्हणजे कसं?"

"तुम्हाला कळलंय, काका."

त्या दिवसापासून दर रविवारी आमच्या घरी सभा. मुलगा असा का झाला, यावर. थोरले दीर पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांना वेळ होता. ते माझ्याशी थेट बोलत नसत, धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायची त्यांच्या घरात रीत नव्हती. मी समोर बसलेली असले तरी ते ह्यांना म्हणत, "तुझ्या बायकोला विचार, पोराला लहानपणी कोणाच्या संगतीत सोडलं होतं."

मी म्हणायची, "भाऊजींना सांगा, चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत सोडायला जागाच कुठे होती."

भावाचं म्हणणं, ही शहरातली हवा. गावात असलं काही नसतं. मी त्याला म्हटलं, "गावात नसतं? आपल्या वाडीतला तो, ज्याचं लग्न आपल्या आईनेच जमवलं होतं, तो कसा होता? त्याची बायको विहिरीवर यायची आणि कळशी भरून झाली तरी घरी जायची नाही. बसून राहायची. तिला पोर का होत नाही म्हणून सगळी वाडी तिलाच विचारायची."

"ताई, ती वांझ होती."

"तिला हात कोणी लावला होता, वांझ ठरायला?"

भाऊ उठून गॅलरीत गेला. बायकांनी असं बोलू नये, असं त्याला वाटलं असेल. मी चौथी शिकले आहे. मुलगा असा का झाला ते मला तेव्हा सांगता येत नव्हतं, आजही येत नाही. पण त्या बाईला मी रोज विहिरीवर बघितलं होतं. तशी दुसऱ्या कोणाची मुलगी मला माझ्या घरात आणून बसवायची नव्हती. माझं एवढंच म्हणणं होतं आणि ते कोणी ऐकत नव्हतं.

हे मुलाला डॉक्टरकडे घेऊन गेले. आमच्या सेक्टरमधलाच, सर्दी-तापाचा. तो म्हणाला, काही नाही, शरीरातल्या रसांचं कमीजास्त असतं, लग्न करून द्या, आपोआप ठीक होईल. सोबत टॉनिक दिलं. ह्यांनी ते आणून फ्रिजवर ठेवलं आणि त्यानंतर ते काही बोलले नाहीत. ह्यांचा स्वभावच तो. घरात वाद सुरू झाला की ते पेपर उघडायचे. पेपर वाचून संपलेला असला तरी उघडायचे.

मुलगा मात्र वाद घालायचा. तो शांतपणे बोलायचा, त्यामुळे दिरांना जास्त राग यायचा. दीर जन्माने डावखुरे. शाळेत मास्तरांनी छड्या मारून त्यांना उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. हे ते स्वतःच कौतुकाने सांगायचे. एका रविवारी मुलगा म्हणाला, "काका, मास्तरांनी तुमचा हात बदलला ना? मग आत्ता कप कुठल्या हातात आहे?"

सगळ्यांनी बघितलं. कप डाव्या हातात होता. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही वाटलं, जिंकला.

दिरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "पस्तीस वर्षं पोस्टात उजव्या हाताने लिहिलं. एकाने तक्रार केली नाही. तूही लग्न कर. संसार लिहिण्यासारखाच असतो, सवयीने येतो. चहा कुठल्या हाताने प्यायचा ते तुझं तू बघ."

मुलगा रिकामे कप उचलून आत घेऊन गेला. आमच्या ओळखीतले निम्मे संसार तसेच चालले होते, हे खरं होतं.

शेवटी कारण सापडलं ते जाऊबाईंना. त्या भाजी निवडत होत्या. एकदम हात थांबवून म्हणाल्या, "गो, ह्याच्या नाकातली कडी मामानं काढली व्हती का?"

मी म्हटलं, "नाही. मीच काढली. चाळीत."

"पाच वर्षं पुरी झाल्यावर?"

"नाही."

"मग झालं! नवस पुरा झालाच नाय. देवीच्या लेखी हा अजून मुलगीच हाय."

पंखा लागल्यावर जशी माणसं सैल होतात तसे सगळे सैल झाले. दीर म्हणाले, "बघ, म्हणजे पोराचा दोष नाही." भाऊ म्हणाला, "म्हणजे यावर उपाय आहे." ह्यांनीसुद्धा पेपर खाली केला. मी म्हटलं, "अहो, गावात निम्म्या पोरांची नाकं टोचलेली होती. काहींच्या कड्या तशाच पडून हरवल्या. त्यांना चार-चार पोरं आहेत." जाऊबाई म्हणाल्या, "ते नवस वेगळे. तुझा वेगळा."

भाऊ गावी जाऊन आला. गुरवाने देवीला कौल लावला. पाण्यात भिजवलेल्या कळ्या देवीच्या अंगाला चिकटवतात, प्रश्न विचारतात, उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. उजवीकडची पडली. नवस राहिलेला आहे. कडी नाकातूनच काढली पाहिजे, मामाने, देवीच्या समोर. नाकाचं भोक बुजलेलं, म्हणजे परत टोचायला हवं. तेही घरीच टोचायचं, कारण पहिलं घरी टोचलं होतं.

मला वाटलं मुलगा हसेल आणि निघून जाईल. तो हसलाही. मग विचार करून म्हणाला, "करतो. पण त्यानंतरही मी असाच राहिलो, तर लग्नाचा शब्द या घरात कोणी काढायचा नाही. कबूल?"

दीर म्हणाले, "कबूल."

"देवीची शपथ घ्या."

दिरांनी देव्हाऱ्याकडे हात करून शपथ घेतली. उजव्या हाताने.

मी त्याला नंतर स्वयंपाकघरात विचारलं, "तुला खरं वाटतंय का हे?"

"नाही गं. पण त्यांना वाटतंय. त्यांचं जिथे संपतं तिथेच संपवायला पाहिजे. नाहीतर हे जन्मभर चालेल."

त्याचा मित्र विरोधात होता. जिन्यात मला म्हणाला, "मासी, तुम्ही बोला ना त्याला. छब्बीस साल का आदमी, नाक कशाला टोचायचं?" मी म्हटलं, "माझं कोण ऐकतंय? तुझं ऐकत असेल तर तू सांग." तो म्हणाला, "माझं पण नाही ऐकत. बोलतो, एकदा करून टाकतो, मग आपण सुटलो." 'आपण' म्हणाला तेव्हा तो थोडा लाजला. मी जिना उतरून गेले.

तर ते नाक टोचलं. देवीचा वार मंगळवार, आणि भावाला दोन दिवसांवरच्या नाही, त्यापुढच्या मंगळवारची सुट्टी मिळत होती. तोपर्यंत कडी नाकात ठेवायची. मुलाने सर्दी झाली सांगून कारखान्यात रजा टाकली. मी खोबरेल तेल आणि हळद लावत होते. दोन दिवस बरं होतं. मग नाकपुडी लाल झाली, फुगली, कडी मांसात रुतायला लागली. अंग तापलं.

मी हाताला साबण लावून त्याच्याजवळ गेले. काढून टाकते म्हटलं. जाऊबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला आल्या होत्या, कडीवर लक्ष ठेवायलाच जणू. त्यांनी माझं मनगट धरलं.

"परत घरातच काढणार? परत तेच करणार तू? एकदा करून बघितलंस ना काय झालं ते?"

"वैनी, पू झालाय."

"हळद लाव. मंगळवार लांब नाय."

मी त्यांचा हात झटकला असता. माझ्या अंगात तेवढी ताकद होती. पण मुलगाच म्हणाला, "आई, राहू दे. आत्ता काढलीस तर म्हणतील अर्धंच राहिलं. मग परत टोचतील. मंगळवारपर्यंत कळ सोसतो मी."

साबणाचे हात घेऊन मी उभी राहिले. ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "तोच म्हणतोय तर..." आणि त्यांनी पेपर उघडला. मी मोरीत जाऊन हात धुतले. सर्दी-तापाच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या, त्या मी वेळेवर देत होते.

रविवारी सकाळी त्याचा डावा डोळा उघडेना. पापणी लिंबाएवढी सुजलेली, आणि डोळा पुढे आल्यासारखा दिसत होता. तो काहीतरी बडबडत होता, मला चाळीतल्या शेजारणीच्या नावाने हाक मारत होता. त्याचा मित्र आला, दारातूनच बघितलं, आणि जाऊबाईंना हाताने बाजूला सारून आत गेला. इतकी वर्षं येत होता, पण त्यांच्या अंगाला कधी त्याचा धक्का लागला नव्हता. त्याने मुलाला पाठीवर घेतलं, दोन जिने उतरला. आमच्याकडच्या रिक्षा दहिसरच्या नाक्यापलीकडे मुंबईत जात नव्हत्या. नाक्यावर उतरून त्याने टॅक्सी गाठली. मी मागच्या सीटवर मुलाचं डोकं मांडीवर घेऊन. रस्ताभर तो ड्रायव्हरला म्हणत होता, "भैया, जल्दी, भैया."

हॉस्पिटलमध्ये कडी कापून काढली. पक्कडीसारखं काहीतरी होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, "नाकातला पू डोळ्याच्या मागे चढलाय. तिथून मेंदूत जातो. इतके दिवस काय करत होतात?" मी खरं ते सांगितलं. नवस, देवी, मुलगा असा आहे म्हणून. ती म्हणाली, "हे सगळं नंतर. आधी तो जगू दे."

तोपर्यंत दीर आले होते. जिन्यात भावाशी बोलत होते. मी पाण्याची बाटली भरायला गेले, तेव्हा ऐकलं. दीर म्हणत होते, "म्हणजे मामाने काढली नाहीच. परत राहिलंच ते." भाऊ म्हणाला, "आता गुरवाला परत विचारायला पाहिजे." मी दोघांच्या मधून बाटली घेऊन गेले. बोलण्यासारखं काही उरलं होतं का, तुम्हीच सांगा.

मुलगा जगला. डावा डोळा गेला. डोळा आहे, दिसत नाही. बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होता. दिवसा मी बसायची, कारखाना सुटला की मित्र यायचा. नर्सने एकदा विचारलं, "भाऊ का?" मी हो म्हटलं. तिने जे विचारलं त्यालाच हो म्हणणं सोपं होतं.

घरी आल्यावर शपथेचं काय झालं, तेही सांगते. दिरांनी शपथ पाळली असं म्हणता येणार नाही. त्यांचं म्हणणं, विधी पुरा झालाच नाही, मग अट कसली. कोर्टात वकील बोलतात तसं. त्यांनी दोन ठिकाणी विचारूनही बघितलं. पण एका डोळ्याच्या मुलाला चांगल्या घरचे लोक मुलगी देईनात. जाऊबाई म्हणाल्या, गरिबाघरची बघू, अनाथ बघू. तेही जमलं नाही, कारण मुलगा असा का झाला याची कुजबुज गावात पोचली होती, आणि देवीचा कोप म्हटलं की गरीबसुद्धा घाबरतो. मग स्थळं यायची थांबली. इतकंच झालं. कोणाला काही पटलं नाही, कोणी कोणाची समजूत काढली नाही. तो जन्मतः तसा होता, की संगतीने झाला, की देवीने केला, यातलं काहीही ठरलं नाही. वाद जिथे होता तिथेच राहिला आणि वाद घालणारी माणसं म्हातारी झाली. लग्नाचा विषय माझ्या मुलाच्या बोलण्याने संपला नाही. त्याच्या डोळ्याने संपला.

कारखान्याने त्याला नकाशांच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. बारीक रेघा एका डोळ्याने नीट येत नाहीत. ते काम त्याला आवडायचं. स्टोअर आवडलं नाही. पुढे मित्राच्या बहिणीने जागा विकली, तेव्हा मित्राने आमच्याच सेक्टरमध्ये भाड्याने घेतलं आणि मुलगा तिकडे राहायला गेला. ह्यांनी जाऊ नको म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. पेपर वाचत होते. मी त्याचे कपडे पिशवीत भरून दिले. सकाळचा डबा मी करायची, तो न्यायला यायचा. बिल्डिंगमध्ये विचारायचे, "मुलगा वेगळा झाला? सुनेशी पटलं नाही वाटतं?" मी म्हणायची, "सून नाहीच." मग ते पुढे विचारत नसत.

दीर गेले. जाऊबाई त्यांच्या मागून गेल्या. माझा भाऊ गावी गेला, तिथेच वारला. आमचे हेही गेले. मी आहे, माझा मुलगा आहे आणि त्याचा तो मित्र आहे.